काळीच्या वरच्या काठावरून : महाबळेश्वर सैल यांच्या कादंबऱ्यांचे एक वाचन

प्रादेशिक कादंबरीविषयी मराठीत जे विवेचन झाले आहे त्यात प्रदेशाचा विचार पुष्कळ आढळतो. कादंबरीकाराच्या सहानुभूतीचा, त्याच्या बोलीचा व वातावरणनिर्मितीचा विचारही आढळतो. परंतु त्या प्रदेशात प्रत्यक्ष राहून ती कादंबरी वाचणारा जो वाचक, त्याची दखल मात्र क्वचितच घेतलेली दिसते. आपल्या टीकेने गृहीत धरलेला वाचक बहुधा पुण्यामुंबईचा असतो. त्याला मुर्डीची वाट ठाऊक नसते, आगराचे शिंपणे त्याने कधी केलेले नसते. आणि ते ठाऊक नसल्यामुळेच 'गारंबीचा बापू' (१९५२) वाचताना एका अपरिचित जगात पाऊल टाकल्याचा आनंद त्याला होतो. हा आनंद खोटा आहे असे कोणी म्हणणार नाही. श्री. ना. पेंडसे यांनीही दापोलीकडचा तो मुलूख उभा केला तो मुंबईत राहून, 'बेस्ट'ची नोकरी सांभाळून. म्हणजे एकाने दुरून आठवावे आणि दुसऱ्याने दुरून कल्पावे असा हा व्यवहार आहे, व तो दोघांच्याही सोयीचा आहे. प्रश्न उभा राहतो तो तिसऱ्या माणसाचा. ज्याच्या दारात ते आगर आहे, ज्याच्या डोक्यावर तो पाऊस पडतो, त्याने ही कादंबरी हाती घेतली तर तिच्यात त्याला काय सापडते?

या प्रश्नाला एक सोपे उत्तर आहे, आणि ते मला पटत नाही. ते उत्तर म्हणजे ताडा पाहण्याचे. टॉमस हार्डीच्या कादंबऱ्यांतील वेसेक्स प्रत्यक्ष डॉर्सेट परगण्यात कोठे कोठे आहे हे दाखविणारे हर्मन ली यांचे वाटाड्या-पुस्तक १९१३ साली निघाले. ते घेऊन हिंडणारे भाविक पुढे पुष्कळ झाले. हे घर अमक्या नायिकेचे, हा पूल तमक्या प्रसंगाचा, अशी खूण पटली की यात्रा सफल होते. यात्रेकरूला हे शोभते. पण जो तेथेच राहतो त्याला पुलाची खूण पटवून घेण्याचे कारण नसते, तो त्या पुलावरून रोज बाजाराला जातो. कादंबरीतील वर्णन बाहेरच्या जगाशी जुळते की नाही, हा प्रश्न त्याच्या मनात प्रथम उठतच नाही. त्याच्या मनात उठणारा प्रश्न निराळा असतो, आणि तो लेखकाला अधिक अडचणीचा असतो. पुढील विवेचनाचा विषय तोच आहे.

गेली काही वर्षे माझे वास्तव्य उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात, गणेशगुडी येथे आहे, आणि या काळात मी महाबळेश्वर सैल यांच्या कादंबऱ्या सलग व पुनःपुन्हा वाचल्या. सैल यांचा जन्म १९४३ सालचा, कारवार तालुक्यातील माजाळी गावच्या शेजेबागेतला, शेतकरी कुटुंबातला. पुढे ते सैन्यात गेले, १९६५ च्या युद्धात होते, आणि नंतर गोव्यात स्थिरावले. कोंकणी व मराठी या दोन्ही भाषांत ते लिहितात. 'तरंगां' या कोंकणी कथासंग्रहाला १९९३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि 'हावठण' या कादंबरीसाठी त्यांना २०१६ सालचा सरस्वती सन्मान लाभला. एवढी नोंद पुरे आहे. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की त्यांच्या पहिल्या कादंबरीचे नाव 'काळी गंगा' (१९९६) आहे आणि ही काळी माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर वाहते. म्हणजे, पाणी सोडलेले असेल तेव्हा वाहते.

हे शेवटचे वाक्य विनोदाने लिहिलेले नाही. काळी नदी गोव्याच्या सीमेजवळ डिग्गी येथे उगम पावते. समुद्र पश्चिमेला जवळ असताना ती आरंभी पूर्वेकडे निघते, दांडेलीपाशी वळण घेते आणि मग दक्षिण-पश्चिमेचा मार्ग धरून सुमारे १८४ किलोमीटरांच्या प्रवासानंतर सदाशिवगडाच्या पायथ्याशी, कारवारला समुद्राला मिळते. गणेशगुडीस तिच्यावर सुपे धरण आहे. त्याची उंची १०१ मीटर आणि लांबी ३३२ मीटर. १९७० च्या दशकात काम सुरू झाले व १९८७ पर्यंत ते पुरे झाले. धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहातील प्रत्येकी ५० मेगावॅटची दोन यंत्रे फिरू लागली की खालच्या पात्रात पाणी चढते, थांबली की पात्रातील खडक उघडे पडतात. रबरी होड्या घेऊन प्रवाहावर उतरणारी हौशी मंडळी याच वेळापत्रकावर अवलंबून असतात. पुढे बोम्मनहळ्ळी, कोडसळ्ळी, कद्रा अशी आणखी धरणे आहेत. तेव्हा सैल ज्या नदीकाठी वाढले त्या काठी पोहोचणारे पाणी आज अनेक दरवाजांतून गेलेले असते.

'काळी गंगा' ही कादंबरी मुखाकडच्या काळीची आहे. तेथील शेतकरी समाजाचे जीवन हा तिचा विषय आहे. मुखाकडे नदीला भरती-ओहोटी असते. खारे पाणी पात्रातून आत चढते, बांध फुटला तर शेतात शिरते, आणि शेत पुन्हा गोडे होईपर्यंत घरात दाणा नसतो. त्या काठच्या माणसाचे दिवस चंद्राच्या हिशेबाने चालतात. वरच्या काठावर, माझ्याकडे, नदीला भरती येते ती कोठल्यातरी दूरच्या शहरात दिवे लागण्याच्या वेळी. एकाच नदीच्या दोन टोकांना काळाचे असे दोन हिशेब चालतात, आणि मी एका हिशेबात राहून दुसऱ्याची कादंबरी वाचतो. असे वाचू लागल्यावर मला जाणवलेली पहिली गोष्ट ही की सैल यांच्या लेखनात ज्याला टीकाकार 'निसर्गवर्णन' म्हणतात ते जवळजवळ नाही. नदी आहे, पण ती पाहण्यासाठी कोणी काठावर बसलेला नाही. तिच्याशी प्रत्येकाचे काही ना काही काम अडलेले आहे. पुण्याचा वाचक याला संयम म्हणेल. काठावरचा वाचक म्हणेल, यात विशेष ते काय, नदीकडे असेच पाहतात.

याच काळीवर रवींद्रनाथ ठाकुरांनी चांदण्यात नौकाविहार केला होता. १८८३ साली त्यांचे बंधू सत्येंद्रनाथ कारवारला न्यायाधीश असताना ते तेथे राहिले, आणि 'प्रकृतीर प्रतिशोध' हे नाट्यकाव्य त्यांनी तेथेच लिहिले. आपल्या आठवणींत त्यांनी त्या रात्रीचे मोठे मनोहर चित्र रेखाटले आहे. पाहुण्याच्या दृष्टीतही सत्य असते आणि कधी कधी ते काठावरच्याला दिसत नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्या रात्रीची नाव वल्हविणाऱ्यांच्या घरचे कोणी पुढे लिहू लागले तर त्यांच्या लेखनात चांदणे किती उरेल, याचे उत्तर शोधायचे झाल्यास 'काळी गंगा'कडेच वळावे लागते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. प्रदेशातील वाचकाला प्रादेशिक कादंबरीने वर्णन पुरवायचे नसते. मग त्याचे मागणे काय असते? माझ्या अनुभवाप्रमाणे ते हक्कासंबंधीचे असते. ही जमीन कोणाची, या वाटेने जाण्याचा अधिकार कोणाला, या झाडाला हात लावला तर कोण अडवील, गावात बसू कोणाला द्यायचे आणि नदीपलीकडे कोणाला ठेवायचे, या गोष्टी त्याला पक्क्या ठाऊक असतात. आणि कादंबरीकाराने त्या नीट ओळखल्या आहेत की नाहीत हे तो डोळ्यांत तेल घालून पाहतो. भाताच्या लोंबीचा रंग चुकला तर तो क्षमा करील, पण बांध कोणी घालायचा याविषयी चुकले तर पुस्तक मिटून ठेवील.

या कसोटीवर मी 'अदृष्ट' ही कादंबरी वाचली आणि तेथे मी पुष्कळ दिवस अडून राहिलो. या कादंबरीवरून लक्ष्मीकांत शेटगांवकर यांनी 'पालतडचो मनिस' हा कोंकणी चित्रपट केला. २००९ साली टोरांटोच्या महोत्सवात त्याला आंतरराष्ट्रीय समीक्षकांचे पारितोषिक मिळाले, त्यामुळे कथावस्तू बऱ्याच जणांना परिचित असेल. रानात एकटा राहणारा एक विधुर वनरक्षक. त्याच्या आश्रयाला आलेली एक वेडी स्त्री. दोघांत जडत गेलेला ओलावा. आणि तिला अंगावर घेण्याची तयारी नसलेला, पण त्याने घेतली हेही सहन न होणारा समाज. गोवा-कर्नाटक सीमेवरचे सह्याद्रीचे रान ही या कथेची भूमी. तिच्या उगवतीच्या उतारावर जोयडा तालुका आहे.

कलाकृती म्हणून या कथेतील करुणा निर्विवाद आहे. परंतु तालुक्यातील माणसाला येथे एक अडखळ लागते आणि ती बाहेरच्या वाचकाला लागत नाही. माझ्या एका माजी विद्यार्थ्याला मी ही कथा सांगितली. तो रानातल्या एका वाडीवरचा कुणबी. सगळे शांतपणे ऐकून घेऊन त्याने एवढेच विचारले, 'गार्ड चांगला होता?' त्या प्रश्नात उपहास नव्हता, खरीखुरी चौकशी होती. जोयड्याच्या रानात राहणाऱ्या कुणब्याला, गवळ्याला किंवा सिद्दीला सरकार म्हणून जे काही प्रथम भेटते ते वनरक्षकाच्या रूपाने भेटते. कुमरी, म्हणजे रान जाळून केलेली फिरती शेती, हा या लोकांचा जुना उदीम. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सरकारने तिच्यावर निर्बंध घातले. पुढे १९५६ साली दांडेलीचे अभयारण्य झाले, २००७ साली दांडेली-अणशी व्याघ्र प्रकल्प झाला, २०१५ साली त्याला काळी नदीचेच नाव मिळाले. प्रत्येक वेळी रानातील माणसाचा हक्क थोडा थोडा आक्रसत गेला आणि प्रत्येक वेळी ते त्याला येऊन सांगणारा माणूस खाकी कपड्यातला होता. अशा वाचकापुढे वनरक्षकाला नायक म्हणून आणणे हे साहस आहे.

मला वाटते सैल यांना या साहसाची जाणीव आहे, आणि कादंबरीचे बळ तेथेच आहे. त्यांचा वनरक्षक रानाचा धनी नाही, रानाचा रहिवासीही नाही. सरकारने त्याला तेथे ठेवले आहे. गावाच्या दृष्टीने तो पलीकडचा. ती स्त्री तर कोणत्याच काठावरची नाही. ज्यांना बसण्याची जागा नाही अशी दोन माणसे एकत्र आली तर गाव त्यांना कोणती जागा देते, हा या कथेचा पाया आहे. आणि हा पाया हक्काच्या व्यवहारातलाच असल्यामुळे रानातला वाचकही अखेर कथेला आपली म्हणू शकतो. चित्रपटाला दिलेले 'पालतड' हे नाव या दृष्टीने अधिक समर्पक ठरते. पालतड म्हणजे नदीचा पलीकडचा काठ. 'अदृष्ट' या शब्दात नियतीकडे बोट दाखविण्याचा कल आहे. पण या दोघांवर जे ओढवते त्यात न दिसणारे असे काय आहे? गाव सगळे डोळ्यांदेखत करते. येथे मला सैल यांच्याविषयी एक तक्रार नोंदवावीशी वाटते. समाजाने केलेल्या गोष्टीचा भार दैवावर टाकण्याकडे त्यांची एखादेवेळी ओढ दिसते, आणि माती-पाण्याच्या व्यवहारात इतकी चोख असलेली त्यांची दृष्टी त्या क्षणी किंचित सैल पडते. (ही कोटी अनवधानाने झाली, तशीच राहू द्यावी.)

रानाविषयी आणखी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. गणेशगुडीस 'ओल्ड मॅगझिन हाऊस' नावाचे एक विश्रामस्थान आहे. नाव ऐकून साहित्यपरिषदेच्या सभासदाचे कान टवकारतील, पण या मॅगझिनचा नियतकालिकाशी संबंध नाही. धरण बांधताना लागणारी सुरुंगाची दारू तेथे साठवीत. आज तेथे पक्ष्यांची छायाचित्रे घेणारे लोक लांबून येऊन निश्चल बसून राहतात. यातून ज्याला जे रूपक काढावयाचे असेल त्याने ते काढावे. मला एवढेच दिसते की या प्रदेशाची जुनी माणसे ज्या घटनेने हलली तिची खूणही आता प्रेक्षणीय झाली आहे.

कारण सुपे बुडाले. धरणाला ज्याचे नाव आहे ते सुपे हे तालुक्याचे ठिकाण होते. पांढरी नावाची उपनदी त्याच परिसरात काळीला मिळते. काळी आणि पांढरी यांचा तो मिलाफ आता जलाशयाखाली आहे. तालुक्याची कचेरी जोयड्याला गेली, विस्थापितांतील बरेच लोक रामनगरला वसले. आता प्रादेशिक कादंबरीच्या विचारात या घटनेने एक पेच उभा केला आहे. प्रदेश कादंबरीची साक्ष देतो असे आपण समजत आलो. प्रदेशच नाहीसा झाला म्हणजे काय? महाराष्ट्रातले उदाहरण आहे ते गो. नी. दांडेकरांच्या 'पवनाकाठचा धोंडी'चे. ही कादंबरी १९५५ सालची. तुंग किल्ल्याची हवालदारकी वंशपरंपरेने सांभाळणाऱ्या धोंडीची ती गोष्ट. पुढे १९७२ पर्यंत पवनेवर धरण झाले व तुंगच्या पायथ्याशी पाणी पसरले. आज तुंगवर चढणारा तरुण खाली तळे पाहतो आणि त्याला ते तेथे सदाचेच आहे असे वाटते. त्याला दांडेकरांचे पवनाकाठ खरे की खोटे हे ताडून पाहण्याची सोयच उरलेली नाही. पूर्वी कादंबरीसाठी प्रदेशाने साक्ष दिली. यापुढे प्रदेशासाठी कादंबरीला साक्षीला उभे राहावे लागेल. अशा वेळी तिच्यातील बारीकसारीक व्यवहाराचे मोल एकदम वाढते. वाट कोठून जात होती, कोणाच्या खाचराला पाणी आधी मिळत होते, हे उद्या दुसरे कोण सांगणार? वातावरणनिर्मितीसाठी चार ठसकेबाज बोली शब्द पेरणारी कादंबरी या साक्षीला उभी राहू शकत नाही. सैल यांची राहू शकते, असे माझे मत आहे, आणि 'हावठण' हा त्याचा उत्तम पुरावा आहे.

'हावठण' म्हणजे कुंभाराची भट्टी. गोव्यातील कुंभार समाज आणि त्याचा लयाला जाणारा धंदा हा या कादंबरीचा विषय. तिच्यात कोठे धरण नाही, विस्थापनाची नोटीस नाही. तरीही सुप्याच्या जलाशयाकाठी ती वाचताना मला तिचा वियोग फार ओळखीचा वाटला. माती तीच, हात तेच, पण मडके घेणारे कोणी नाही. आणि मडक्यासंबंधीचे शब्द म्हाताऱ्यांबरोबर जात आहेत. पाण्याने गाव बुडते तेव्हा निदान एक तारीख असते, मोबदल्याचा कागद असतो. येथे कशाचीच तारीख नाही. सैल यांनी या संथ बुडण्याला दिलेला आकार मला त्यांच्या साऱ्या लेखनात श्रेष्ठ वाटतो. चाकावरच्या कामाचा तपशील ते दया उत्पन्न करण्यासाठी सांगत नाहीत, कामाच्या अभिमानाने सांगतात, म्हणून त्याचा परिणाम खोल होतो.

'युगसांवार' या कादंबरीविषयी, जिचा विषय मराठीत 'तांडव' या नावाने आला आहे, थोडक्यात सांगतो. सोळाव्या शतकातील गोव्यात झालेले धर्मांतर आणि त्यात मोडलेली गावे हा तो विषय. इतिहासाच्या अंगाने तिची चर्चा अन्यत्र झाली आहे. वरच्या काठावरून वाचताना तिची एकच बाजू डोळ्यांत भरते : देव उचलून निघालेली माणसे. गोव्यात बसून वाचणाऱ्याला ही माणसे निघून गेलेली दिसतात. जोयड्यात बसून वाचणाऱ्याला ती आलेली दिसतात. आमचे पूर्वज घाटाखालून, गोव्यातून आले अशी आठवण सांगणारी घराणी या तालुक्यातील कुणब्यांत आहेत. कादंबरीचे शेवटचे पान संपते तेथून त्यांची गोष्ट सुरू होते. पुढे त्यांच्यापैकी कित्येकांना धरणासाठी पुन्हा उठावे लागले हे ध्यानात घेतले म्हणजे सैल यांच्या निरनिराळ्या कादंबऱ्या एकाच दीर्घ स्थलांतराचे भाग वाटू लागतात. लेखकाच्या मनात अशी योजना असेल असा माझा दावा नाही. हा वाचनाच्या जागेचा गुण आहे.

भाषेच्या बाबतीतही ही जागा विलक्षण आहे. १९५६ पर्यंत मुंबई राज्यात असलेला हा जिल्हा आज कर्नाटकात आहे. दुकानावरची पाटी कन्नड, घरातले बोलणे कोंकणी, आणि जुन्या माणसांच्या देव्हाऱ्याजवळची पोथी मराठी. सैल कोंकणीचे की मराठीचे, हा वाद गोव्यात व महाराष्ट्रात ज्यांना घालायचा असेल त्यांनी घालावा. गणेशगुडीस तो कोणाच्या गावीही नाही. येथला वाचक 'न्हंय' आणि 'नदी' हे दोन्ही शब्द एकाच दिवसात वापरतो आणि त्यांत त्याला भाषांतर केल्यासारखे वाटत नाही. शिक्षक म्हणून मला मात्र एक उणीव जाणवते. प्रादेशिक कादंबरीच्या शेवटी जो शब्दार्थांचा तक्ता जोडतात तो नेहमी शहराकडे तोंड करून लिहिलेला असतो. 'पालतड', 'व्हाळ', 'खाजन' यांचे अर्थ त्यात मिळतील. पण हे शब्द नदीच्या कोणत्या टप्प्यापर्यंत चालतात आणि कोठे बदलतात हे त्यात कोणी देत नाही. 'काळी गंगा' पुन्हा वाचताना मी समासात अशा शब्दांच्या खुणा करीत आहे आणि वरच्या काठावरील लोकांना ते शब्द विचारीत आहे. व्हाळाला येथे व्हाळच म्हणतात. खाजन या शब्दाची घाटावर गरजच पडत नाही. भरतीविषयी विचारले तेव्हा धरणाखाली राहणाऱ्या एका म्हाताऱ्याने क्षणभर विचार केला आणि मग सांगितले, तसे काही इथे नाही, इथे आम्ही 'पाणी सुटले' म्हणतो.